‘बिटर’ : चव आणि संज्ञा

इंग्लंडातील पानगृहांत ‘बिटर’ हे विशेषण राहिलेले नाही. ते एका बिअरचे नाव झाले आहे. एकोणिसाव्या शतकात मद्यनिर्माते जिला ‘पेल एल’ म्हणत, तिला गिऱ्हाइकांनी हे नाव दिले. नावच ‘कडू’ असलेल्या पेयाचा कडवटपणा कोणत्या शब्दांत नोंदवावयाचा?

हॉपच्या फुलांतील आल्फा आम्ले उकळताना रूपांतर पावतात व कडवटपणा येतो. प्रयोगशाळा तो जवळजवळ लिटरमागे मिलिग्रॅमांत सांगते. परंतु माल्टचा गोडवा अधिक असल्यास तोच आकडा जिभेस सौम्य भासतो. शिवाय पॉलिफेनॉलांमुळे तोंड आवळते, तो कडूपणा नव्हेच. इंग्रजी बोलणारा सामान्य मनुष्य पुष्कळदा दोहोंस ‘बिटर’ म्हणून मोकळा होतो. आपल्याकडे कारले कडू आणि सुपारी तुरट, हा भेद पोरासोरांसही ठाऊक असतो.

1971 साली स्थापन झालेल्या ‘कॅम्रा’ या ग्राहकसंघटनेची 0 ते 5 गुणांची पद्धत पेय पिपात कसे राखले आहे, एवढेच पाहते. चवीचे वर्णन परीक्षकाच्या शब्दांवरच सोपविलेले राहते. पिपातील बिटर साधारण 12 अंश सेल्सिअसला देतात, म्हणून जीभ बधिर होत नाही. तेव्हा घोट गिळल्यावर मागे कडू उरते की तुरट, हे टिपणात वेगळे लिहावे.