झुरळांची बराक

झुरळ दिसले की आपला हात आधी चपलेकडे जातो. माझ्या मामाच्या घरी मात्र झुरळे मुद्दाम पाळली जातात. मामा बेंगळुरूतच राहतो. त्याच्याकडे बिअर्डेड ड्रॅगन हा मूळ ऑस्ट्रेलियातला सरडा आहे आणि ही झुरळे त्याचे खाद्य आहेत. रविवारी आउटपास मिळाला की पेटीची देखभाल माझ्याकडे असते.

मित्रांनो, आधीच सांगतो : घोरपड, स्टार कासव असे आपले वन्य प्राणी घरी पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.

घरातले झुरळ सरड्याला देत नाहीत, कारण त्याच्या अंगात फवारणीचे विष किंवा गटारातले जंतू असू शकतात. म्हणून दक्षिण अमेरिकेतली 'डुबिया' जात पाळतात. तिला गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढता येत नाही. मादी अंडी पोटातच उबवते आणि एका वेळी साधारण २० ते ३० पिल्ले देते. ती मोठी व्हायला चार-पाच महिने लागतात. म्हणून माद्या राखायच्या. सरड्याला पिल्ले आणि जास्तीचे नर द्यायचे.

बराक सोपी आहे. प्लॅस्टिकची खोल पेटी, झाकणाला जाळी आणि आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवायचे, म्हणजे विष्ठा खाली पडते. पिल्ले होण्यासाठी सुमारे ३० अंश उष्णता लागते. बेंगळुरूच्या हिवाळ्यात रात्री पारा १५-१६ अंशांपर्यंत उतरतो. तेव्हा पिल्ले होणे थांबते. म्हणून पेटीच्या एकाच बाजूला हीटिंग पॅड लावतात. गरम झाले तर झुरळे दुसऱ्या बाजूला जातात.

गेल्या पावसाळ्यात मामा गावाला गेला होता. आठवडाभर पुरावे म्हणून मी गाजर आणि कलिंगड भरपूर टाकले. मुंग्या येतील या भीतीने जाळीवर वर्तमानपत्र चिकटवले. पुढच्या रविवारी झाकण उघडले तर उग्र वास, पांढरी बुरशी आणि निम्मी झुरळे मेलेली! मामा रागावला नाही. म्हणाला, "अरे, चार दिवस उपाशी राहिली असती तरी चालले असते. ओल आणि कोंडलेली हवा त्यांना चालत नाही." पेटी पुन्हा भरायला अनेक महिने लागले. तोपर्यंत सरड्यासाठी रातकिडे विकत आणावे लागले.

तेव्हापासून नियम ठरले. गव्हाचा कोंडा नेहमी ठेवायचा. ओले तुकडे एका दिवसात संपतील एवढेच, उरलेले काढायचे. मेलेली झुरळे लगेच उचलायची. विष्ठा अधूनमधून चाळायची, पण तोंडाला मास्क लावून. त्या धुळीने दमा, ॲलर्जी होऊ शकते. चाळताना बारीक पिल्ले वेचून परत ठेवायची. पेटीतले एकही झुरळ बाहेर सोडायचे नाही.

झुरळाच्या पोटात जे जाते, ते शेवटी सरड्याच्या पोटात जाते. म्हणून आदल्या दिवशी झुरळांना शेवग्याचा पाला, गाजर द्यायचे आणि देताना त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. कॅल्शियम कमी पडले तर सरड्याची हाडे मऊ होतात.

आता झाकण उघडल्यावर मी आधी वास घेतो. उग्र वास नसेल, तर बराक ठीक आहे.