म्हातारचळ की आजार?

उतारवयात यजमान पैसे तांदळाच्या डब्यात दडवतात आणि मोलकरणीवर चोरीचा आळ घेतात. घरची मंडळी याला म्हातारचळ म्हणून मोकळी होतात. वास्तविक ठेवल्याची आठवणच पुसली गेल्याने ती पोकळी संशय भरून काढतो. १९०१ मध्ये फ्रँकफर्ट येथे डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तपासलेली ५१ वर्षांची रुग्णाही घरात वस्तू लपवीत असे, पतीवर संशय घेत असे.

मात्र प्रत्येक वेळी अल्झायमरच असेल असे नव्हे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी घरांत ती बरीच आढळते), मंदावलेली थायरॉइड ग्रंथी, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळेही असे घडते व उपचारांनी पुष्कळदा सुधारते. त्यासाठी आधी साधी रक्ततपासणी करावी. बदल दोन-चार दिवसांतच झाला असल्यास मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा रक्तातील सोडियमची घट संभवते; अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.