देवरीचा पिनकोड मूळ संख्या आहे का?

नागपूरहून रायपूरकडे जाताना, छत्तीसगडची हद्द लागण्याआधी देवरी येतं. पिनकोड ४४१९०१. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाले. टपालखात्याच्या लेखी हा नुसता पत्ता. पण संख्या म्हणून पाहिलं, तर तो भल्याभल्यांना चकवतो.

शेवटी १, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १९, म्हणून ३ बाद. ७, ११, १३ नेही भाग जात नाही. इथवर आलेला माणूस हात झटकून म्हणतो, मूळ संख्याच असणार. ती तशी नाही: ४४१९०१ = ६४७ × ६८३.

हे तपासायला संख्येच्या निम्म्यापर्यंत भागत बसावं लागतं, असंही अनेकांना वाटतं. खरं तर वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे इथे ६६४ पर्यंतच्या, मूळ संख्या पुरतात. दोन्ही अवयव त्याहून मोठे असते तर गुणाकारच जास्त भरला असता. तरी काम थोडकं नाही. २ पासून ओळीने भागत गेलात तर ११७ मूळ संख्या वाया जातात, ११८ वी लागू पडते.

सतराव्या शतकातल्या फर्मा या गणितज्ञाची युक्ती बघा. वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या ६६५, तिचा वर्ग ४,४२,२२५. त्यातून ४,४१,९०१ वजा केले की उरतात ३२४, म्हणजे १८ चा वर्ग. शाळेतलं अ² − ब² चं सूत्र लावा: ६६५ − १८ आणि ६६५ + १८. एका वजाबाकीत निकाल! अवयव एकमेकांजवळ असले की ही युक्ती झटकन चालते, लांब असले की रखडते.

म्हणूनच ‘संख्या जितकी मोठी तितकी फोडायला कठीण’ हे अर्धसत्य आहे. संगणकावरचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या आरएसए पद्धतीत ६१७ अंकी संख्या चाव्या म्हणून सर्रास वापरतात. पण २०२२ मध्ये काही प्रिंटरांनी बनवलेल्या अशा चाव्या फर्माच्या याच युक्तीने फुटल्या, कारण त्यांचे अवयव फार जवळजवळचे निघाले. मोठ्या संख्येला विभाजक पुष्कळ, हेही खरं नाही. ४४१९०१ ला फक्त चार. शेजारच्या ४४१९०० ला मात्र चोपन्न.

अंकांची बेरीज १९, मग १०, मग १. अंकशास्त्रवाल्यांना या १ मध्ये त्यांचा सूर्य दिसेल. गणिताला इतकंच दिसतं की ९ ने भागल्यावर बाकी १ उरते.

असाच एक गैरसमज देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या ६१७४ या संख्येबद्दल आहे. संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहायचं. ‘कुठलीही संख्या घ्या, ६१७४ च येणार’, असं बिनदिक्कत सांगितलं जातं. ते फक्त चार अंकी संख्यांना लागू, आणि त्यातही सगळे अंक सारखे नसतील तरच. सहा अंकी संख्या कधी ५४९९४५ वर थांबतात, कधी ६३१७६४ वर. देवरीची थांबतच नाही. ९४४११० − ०११४४९ = ९३२६६१ अशी सुरुवात करून नवव्या वजाबाकीला ४२०८७६ येतो, आणि पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ करत सोळाव्या वजाबाकीला पुन्हा ४२०८७६.