१ जूनला वाढदिवस असणाऱ्यांची एवढी गर्दी का? उत्तर ‘डिफॉल्ट’मध्ये आहे

१ जूनला फेसबुक उघडलं की वाढदिवसांची रांगच लागलेली दिसते. बीड जिल्ह्यात तर एकाच भावकीतल्या चार जणांची जन्मतारीख १ जून निघते. हा योगायोग नाही.

पूर्वी बाळंतपण घरी व्हायचं, नाहीतर ऊसतोडीला गेल्यावर कोपीत. जन्माची नोंद बऱ्याचदा नसायचीच. पोराला शाळेत घालताना गुरुजी तारीख विचारायचे आणि आईबापाला ती सांगता यायची नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. मग गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहून टाकायचे.

कॉम्प्युटरच्या भाषेत हीच ‘डिफॉल्ट व्हॅल्यू’. माहिती आली नाही, तर वापरायचं आधीच ठरवलेलं उत्तर.

एक्सएसएलटी या भाषेत हे नेमकं दिसतं. एक्सएमएलमध्ये साठवलेल्या माहितीपासून वेबपेज किंवा दाखला तयार करणारी ही भाषा. तिची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये आली. समजा, दाखल्याच्या साच्यात ‘तालुका’ हा पॅरामीटर आहे आणि त्याची डिफॉल्ट व्हॅल्यू ‘बीड’. साच्याला ‘केज’ पाठवलं तर केज छापलं जातं. काहीच पाठवलं नाही तर बीड.

इथे तीन ठिकाणी गडबड होते.

पहिली, रिकामी व्हॅल्यू. पॅरामीटर पाठवला, पण रिकामा, तर डिफॉल्ट लागत नाही. कॉम्प्युटरसाठी रिकामं हेही उत्तरच. दाखल्यावर तालुका कोरा राहतो. त्यामुळे रिकामेपण वेगळं तपासावं लागतं.

दुसरी, अवतरणचिन्हं. ‘सिलेक्ट’मध्ये बीड हा शब्द आतल्या अवतरणांशिवाय लिहिला, तर कॉम्प्युटर बीड नावाचा टॅग शोधायला लागतो. तो सापडत नाही आणि हाती काहीच येत नाही.

तिसरी सगळ्यात घातक. अंबाजोगाईच्या मुलाचा तालुका पाठवायचा राहिला, तर दाखल्यावर बीड येतं आणि कुठेही चूक दिसत नाही. यावर २००७ च्या २.० आवृत्तीत उपाय आला. पॅरामीटर ‘आवश्यक’ ठरवला की तो न पाठवल्यास काम थांबतं आणि चूक समोर येते.

गुरुजींच्या रजिस्टरमध्ये ही सोय नव्हती. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दरवर्षी ३१ मे रोजी राज्यातल्या कार्यालयांत निरोप समारंभांची गर्दी असते. खरा जन्म दिवाळीतला असला तरी नोकरी संपते ती रजिस्टरमधल्या तारखेनेच. आणि खरा १ जून कोणता, गुरुजींचा कोणता, हे रजिस्टर पाहून कळत नाही.

डिफॉल्ट वाईट नाही. पानाचा रंग, अक्षराचा आकार यासाठी तो खुशाल ठेवावा. पण जन्मतारीख, तालुका, रक्कम अशा गोष्टी माहीत नसतील तर ‘माहीत नाही’ असंच लिहिलेलं बरं. कोरा रकाना नंतर भरता येतो. अंदाजाने भरलेला रकाना मात्र कोणी पुन्हा तपासत नाही.