प्रेसचा दणका आणि डोळ्यांची हालचाल

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात पॉवर प्रेसवर कुणाचं बोट गेलं, ही बातमी आपल्याला नवी नाही. जखम भरते, टाके निघतात, ईएसआयचे कागद पुरे होतात. पण काही जणांना महिने उलटले तरी प्रेसचा दणका ऐकला की घाम फुटतो, रात्री तोच क्षण दिसतो. घरचे म्हणतात, 'किती दिवस धरून बसणार?' अहो, त्यानं धरलेलं नाही, त्या आठवणीनं त्याला धरलंय. असा त्रास महिन्याहून जास्त टिकला आणि काम, झोप, घर बिघडायला लागलं, तर पीटीएसडी आहे का हे तपासून घ्यावं. 8 डिसेंबर 2023 ला तळवड्यात केकवरच्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली, त्यात अनेक महिला कामगार दगावल्या. अशा वेळी अंगाला ओरखडाही न आलेल्या, मदतीला धावलेल्या माणसांनाही हा त्रास होऊ शकतो.

यावरच्या उपचारांपैकी एक म्हणजे ईएमडीआर. अमेरिकेतल्या फ्रान्सिन शापिरो यांनी 1987 च्या सुमारास तो सुरू केला. जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 मध्ये पीटीएसडीसाठी शिफारस केलेल्या उपचारांत तो आहे.

करतात काय? पहिल्या भेटीत बोटं हलवत नाहीत. आधी माहिती घेतात, मन शांत करायच्या युक्त्या शिकवतात. मग घटनेतलं सगळ्यात बोचणारं चित्र निवडायचं. त्याला चिकटलेलं वाक्यही शोधायचं, बहुतेकदा 'चूक माझीच' असलं काहीतरी. त्रास 0 ते 10 मध्ये मोजायचा. ते चित्र मनात ठेवून थेरपिस्टच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांमागे नजर फिरवायची, साधारण अर्धा मिनिट. थांबून विचारतात, 'आता काय येतंय?' मग पुन्हा तेच. एक बैठक 60 ते 90 मिनिटांची. हे संमोहन नव्हे, माणूस पूर्ण जागा असतो, नको वाटलं तर हात वर करून थांबवू शकतो.

यानं फरक का पडतो? एक स्पष्टीकरण असं, की एकाच वेळी आठवायचं आणि नजरही फिरवायची, हे मनाला जड जातं, त्यामुळे चित्राची धार कमी होते. काही संशोधक मात्र म्हणतात, गुण येतो तो सुरक्षित जागी आठवण्यानं, डोळ्यांचा वाटा थोडाच. वाद चालू आहे. आठवण पुसली जात नाही, एवढं नक्की.

आता आपल्या पट्ट्यातली खरी अडचण. प्रेसला गार्ड नाही, सेन्सर बंद, आणि माणूस परत तिथंच उभा राहणार. मग त्याची भीती हा आजार नाही, ती बरोबरच सांगतेय. आधी मशीन दुरुस्त व्हायला हवं. थेरपीनं भीती घालवून त्याला त्याच डायखाली हात घालायला पाठवणं आम्हाला मान्य नाही.

सुरुवात करायची तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. थेरपिस्टकडे गेलात तर विचारा: ईएमडीआरचं प्रशिक्षण कुठं घेतलंत? किती बैठका लागतील? मधेच त्रास वाढला तर फोन कुणाला करायचा?