काटा एक, चिठ्ठ्या अनेक

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. समजा, तेथे एकाच काट्यावर दोन शेतकऱ्यांची पोती आळीपाळीने चढत आहेत. मापाड्याने दोघांची वजने एकाच चिठ्ठीवर मांडली तर? एकाची मिरची दुसऱ्याच्या नावे जाईल! म्हणून काटा एक असला तरी चिठ्ठ्या दोन हव्यात.

विद्यार्थी मित्रांनो, संगणकापुढेही हीच अडचण असते. संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये जगापुढे आणलेला ‘लिनक्स’ हा असाच एक कर्नल. अँड्रॉइड फोन त्यावरच चालतात.

बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या युनिक्सपासून उपकरणांनाही फाइलीसारखे वागवण्याची रीत पडली. लिनक्सनेही ती उचलली. कळफलक वाचावयाचा असेल तर प्रोग्राम त्याची फाइल उघडतो. प्रत्येक वेळी उघडताना कर्नल एक नवी नोंद तयार करतो. त्या नोंदीत ‘प्रायव्हेट डेटा’ नावाचा एक कप्पा असतो. तो ड्रायव्हरसाठी, म्हणजे उपकरणाशी व्यवहार करणाऱ्या भागासाठी, मोकळा ठेवलेला असतो. ड्रायव्हर त्यात आपल्या माहितीचा स्मृतीतील पत्ता लिहितो. कर्नल त्या माहितीत डोकावत नाही. प्रोग्रामची मागणी आली की तीच नोंद ड्रायव्हरच्या हाती देतो, एवढेच.

आता दोन प्रोग्रामांनी एकच कळफलक उघडला असे धरा. ड्रायव्हर प्रत्येकासाठी वेगळी रांग ठेवतो. कळ दाबली की तिची खबर दोन्ही रांगांत जाते, आणि कोणी कोठवर वाचले हे ज्याच्या त्याच्या रांगेत नोंदले जाते. रांग एकच असती तर पहिल्याने वाचलेले अक्षर दुसऱ्याला कधीच दिसले नसते.

चिठ्ठी फाडावयाची केव्हा, हाही प्रश्न महत्त्वाचा. एकाच नोंदीचे वाटेकरी अनेक असू शकतात. म्हणून कर्नल त्यांची मोजणी ठेवतो. शेवटच्या वाटेकऱ्याने फाइल बंद केली की तो ड्रायव्हरला तसे कळवतो, आणि ड्रायव्हर ती जागा मोकळी करतो. हे विसरले तर स्मृती वाया जात राहते. घाईने आधीच केले तर त्या जागी दुसऱ्याची माहिती येऊन बसते आणि जुना वाटेकरी तिलाच आपली समजतो. संगणकात घुसखोरी करणारे नेमकी अशीच चूक शोधत असतात!