नडगीची जखम आणि जिवंत ठिगळ

अंधारात बाकावर नडगी आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तेवढाच मार मांडीला लागला तर आपण तो विसरूनही जातो. मांडीच्या हाडाभोवती मांसाची जाड गादी असते, नडगीचे हाड मात्र पुढच्या बाजूस केवळ कातडीखाली असते. म्हणूनच रस्त्यावरील अपघातात ते मोडले की पुष्कळदा कातडी फाडून उघडे पडते. उघडे हाड सुकते, त्यात जंतू शिरतात आणि प्रसंगी पाय कापण्याची वेळ येते.

मग मांडीची कातडी काढून तेथे का लावू नये? कातडीच्या पातळ पापुद्र्याला खालच्या जागेतूनच रक्त मिळावे लागते. हाडावरचे आवरण निघून गेले असेल तर खडकावर बी टाकल्यासारखे होते. ते रुजत नाही. तेथे स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन येणारे ठिगळ हवे. रोप मुळांभोवतीच्या मातीसकट हलवावे तसेच हे. यालाच शल्यचिकित्सक ‘फ्लॅप’ म्हणतात.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. गालाच्या कातडीने नाक करण्याची रीत सुश्रुतसंहितेत आहे. पुण्याकडे कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचे नवे नाक केल्याचा वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला होता.

पायासाठी पूर्वी धडधाकट पायाची कातडी, एक बाजू न तोडता, जखमी पायावर शिवीत आणि सुमारे तीन आठवडे दोन्ही पाय एकत्र जखडून ठेवीत. रोग्याचे हाल काय होत असतील याची कल्पनाच करावी! पुढे जवळच्या स्नायूंचा उपयोग होऊ लागला. नडगीच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यासाठी पोटरीचा बाहेरचा स्नायू, मधल्यासाठी त्याच्याखालचा स्नायू वळवून आणतात. पोटरीच्या बाहेरच्या स्नायूला दोन भाग असल्याने त्यातला एक घेतला तरी चालणे अडत नाही. १९८१ साली स्वीडनच्या पाँटेन यांनी कातडी तिच्याखालच्या चिवट पडद्यासह उचलली तर स्नायूला हात न लावताही काम भागते, हे दाखवून दिले.

घोट्याजवळचा हिस्सा सर्वांत अवघड, कारण तेथे मुख्यतः कंडराच असतात. १९७३ साली मेलबर्न येथे टेलर व डॅनियल यांनी जांघेतील ठिगळ पूर्ण सोडवून पायावर नेले आणि त्याच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली तेथील रक्तवाहिन्यांना जोडल्या.

परंतु कौशल्याइतकेच महत्त्व वेळेला आहे. ल्युब्ल्याना येथील मार्को गोदिना यांनी अशा ५३२ रोग्यांचा अभ्यास केला. तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या ७२ तासांत झाकलेल्या जखमांत शेकडा एकाहूनही कमी ठिगळे वाया गेली. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत झाकलेल्या जखमांत शेकडा बारा.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला या विद्येचे काय, असे कोणी म्हणेल. पण अपघाताच्या जागी प्रथम पोहोचतो तो शल्यचिकित्सक नव्हे, तुमच्या-आमच्यासारखाच माणूस. जखमेत हळद, माती वा पाला न भरता स्वच्छ फडक्याने ती झाकावी, पाय हलू देऊ नये आणि जखमीला विनाविलंब मोठ्या रुग्णालयात न्यावे. एवढ्यानेही एखाद्याचा पाय वाचू शकतो.